पीटर सेलर्स: नकलाकार की नट?

प्रश्न थोडक्यात असा: लहानपणी 'पिंक पँथर' पाहून पोट धरून हसलो. आता अभिनय शिकायला लागल्यावर दिसतं की त्यातल्या ब्रिटिश विनोदवीर पीटर सेलर्सचं नाव दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकच्या बरोबरीने घेतलं जातं. मग तो हुशार नकलाकार होता की खरोखर मोठा नट? 'मुळात मी असा कुणी नाहीच' असं तो म्हणायचा, ते कितपत खरं मानायचं? आणि त्याचं काम पाहायला सुरुवात कुठून करायची?

मी डबिंगच्या धंद्यातला माणूस. बंद खोलीत हेडफोन लावून दुसऱ्याच्या ओठांवर आपला आवाज बसवणं हे माझं काम, आणि नव्या मुलांना शिकवतो तेही हेच. त्यामुळे उत्तर आवाजाच्या अंगाने येणार, हे आधीच सांगून ठेवतो. सेलर्सच्या बाबतीत मात्र हे अंग आडबाजूचं नाही, कारण सिनेमात तो आधी ऐकू आला आणि मग दिसला.

१९५० च्या 'द ब्लॅक रोझ'मध्ये अल्फोन्सो बेदोया या मेक्सिकन नटाच्या तोंडचा आवाज सेलर्सचा आहे. पुढे जॉन ह्यूस्टनच्या 'बीट द डेव्हिल'चं शूटिंग इटलीत चालू असताना हॉलिवूडचा तारा हम्फ्री बोगार्टला मोटारीचा अपघात झाला, दात गेले आणि शब्द नीट फुटेनात. त्याचे काही संवाद सेलर्सने भरून दिले. बोगार्टचा तो घशातून घासत येणारा आवाज साऱ्या जगाच्या ओळखीचा, तरी सिनेमा पाहताना सांधा चटकन सापडत नाही. १९५६ च्या 'द मॅन हू नेव्हर वॉज'मधला चर्चिलचा आवाजही त्याचाच. 'द लेडीकिलर्स'मध्ये तो चोरांच्या टोळीतला एक जण म्हणून पडद्यावर दिसतोच, शिवाय म्हातारीच्या पोपटांचे आवाजही त्यानेच काढलेत. आमच्या लाइनीत एवढं काम करणाऱ्याला 'हरहुन्नरी' म्हणतात आणि मानधन तेवढंच देतात.

आता जरा मागे जाऊ. जन्म ८ सप्टेंबर १९२५, पोर्ट्समथमधल्या साउथसी भागात. पाळण्यातलं नाव रिचर्ड हेन्री, पण आई-वडील हाक मारायचे पीटर. त्याच्या आधीचं मूल मृत जन्मलं होतं, त्याच्यासाठी ठरवलेलं हे नाव. त्याच्या मानसिकतेवर लिहिणारे प्रत्येक जण या गोष्टीला चिकटतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की घरदार रंगमंचावरचं होतं. गाणी, नकला, कसरती असले मिश्र खेळ करत गावोगाव फिरणाऱ्या कंपनीतलं. वडील बिल पियानो वाजवायचे. आई पेग ज्यू, अठराव्या शतकातला गाजलेला मुष्टियोद्धा डॅनियल मेंडोझा हा तिचा पूर्वज. वडील प्रॉटेस्टंट, आई ज्यू आणि मुलाला घातलं लंडनच्या हायगेटमधल्या कॅथलिक शाळेत. तिन्ही ठिकाणी थोडा थोडा उपरा असलेला मुलगा कान उघडे ठेवायला आपोआप शिकतो. आईने त्याला फार लाडावून ठेवलं, आणि त्याची किंमत पुढे चार बायका आणि तीन मुलांनी मोजली.

दुसरं महायुद्ध चालू होतं, तो हवाई दलात गेला. डोळे अधू, त्यामुळे विमानात बसवायचा प्रश्नच नव्हता. ड्रम उत्तम वाजवायचा, नकला करायचा, म्हणून राल्फ रीडरच्या 'गँग शो' या सैनिकांसाठीच्या करमणूक पथकात लागला. या पथकाबरोबर तो भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश फिरला. याच काळात वरिष्ठ अधिकाऱ्याचा गणवेश चढवून, खोटी मिशी लावून ऑफिसर्स मेसमध्ये शिरायचा उद्योग तो करायचा. पकडला गेला असता तर कोर्ट मार्शल ठरलेलं. जिथे समोरच्याला संशय आला तर तुरुंग, तिथे त्याची तालीम झाली. नाट्यशाळेत ही भीती शिकवता येत नाही.

त्यानंतर लंडनचं विंडमिल थिएटर. तिथे नग्न तरुणींचे स्तब्ध देखावे असायचे, आणि दोन देखाव्यांच्या मधल्या वेळेत विनोदवीराने येऊन लोकांना हसवायचं. ज्या प्रेक्षकाला तुम्ही लवकर जावं असंच वाटतंय त्याच्यासमोर उभं राहणं म्हणजे काय, ते आपल्याकडे ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मध्ये मिमिक्री केलेल्या कुणालाही विचारा. तिथून रेडिओवर जायचं होतं, पण बीबीसीकडून उत्तर येत नव्हतं. १९४८ साली त्याने निर्माता रॉय स्पीअर यांना फोन केला आणि त्या काळचा रेडिओतारा केनेथ हॉर्नच्या आवाजात सांगितलं की सेलर्स नावाचा एक पोरगा आहे, जरूर घ्या. शिफारस ऐकून झाल्यावर खरं नाव सांगून टाकलं. स्पीअर चिडले, आणि काम दिलं. हा किस्सा त्याच्या धिटाईसाठी सांगितला जातो. मला त्यात दुसरं दिसतं. फोनवर हावभाव नाहीत, वेश नाही, मिशी नाही. आवाज कमी पडला असता तर तिथेच खेळ खलास.

आणि मग 'द गून शो', बीबीसी रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम. २८ मे १९५१ ते जानेवारी १९६०. सेलर्स, हॅरी सीकम, सुरुवातीला मायकेल बेंटिन, आणि लिहिणारा डोकेबाज स्पाइक मिलिगन. मिलिगन आपल्या अहमदनगरचा, आताच्या अहिल्यानगरचा! वडील ब्रिटिश फौजेत, जन्म तिथला १९१८ चा, बालपणाची काही वर्षं पुण्यात, पुढे रंगूनला. हिंदुस्थानी इंग्रजीचे हेल त्याने लहानपणीच कानात साठवलेले, सेलर्सने फौजेत असताना. दोघं मिळून लालकाका आणि बॅनर्जी अशी जोडगोळी रंगवायचे. त्याच कार्यक्रमात सेलर्स भित्रा मेजर ब्लडनॉक व्हायचा, चिरक्या आवाजाचा बालवीर ब्लूबॉटल व्हायचा, थरथरणारा म्हातारा हेन्री क्रन व्हायचा, आणि प्रेक्षकांसमोरच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये एका पात्रातून दुसऱ्यात श्वास घेण्याइतक्या अवकाशात जायचा. हे करून बघा. पट्टी बदलणं सोपं असतं. श्वासाची लय बदलत नाही, आणि नवखा आर्टिस्ट तिथेच पकडला जातो. सेलर्सचं प्रत्येक पात्र वेगळा श्वास घेतं.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. नकलाकार कुठे संपतो आणि नट कुठे सुरू होतो, हे दाखवायला मी नेहमी १९५९ चा 'आय ॲम ऑल राइट जॅक' काढतो. त्यात तो फ्रेड काइट आहे, कारखान्यातल्या कामगार संघटनेचा पुढारी. बारीक कापलेले केस, ओठावर दोन बोटांची मिशी, अंगाला आवळणारा सूट, मागे चार सहकारी आणि चाल कवायतीची. आधी त्याला ही भूमिका नकोच होती. यात विनोद कुठेय, असा त्याचा सवाल. मग पूर्ण वेशात चाचणी घेतली आणि सेटवरची माणसं हसत सुटली, तेव्हा त्याला पटलं. काइटचं बोलणं नीट ऐका. माणूस शाळेत फार शिकलेला नाही, पुस्तकं वाचून शहाणा झालाय. मोठे शब्द त्याला आवडतात, पण ते त्याने वाचलेले आहेत, कुणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. म्हणून प्रत्येक जड शब्दाआधी किंचित थबकतो, उडी मारण्याआधी थांबावं तसा, आणि शब्द पार पडला की चेहऱ्यावर समाधान. रशियाबद्दल बोलताना, तिथली धान्याची शेतं आणि संध्याकाळचे बॅले आठवताना, हाच ताठर माणूस एकदम हळवा होतो. सेलर्स त्याची टर उडवत नाही. काइट स्वतःला पूर्ण गंभीरपणे घेतो आणि सेलर्स काइटला तितक्याच गंभीरपणे घेतो. नकलाकार पात्राच्या शेजारी उभा राहून प्रेक्षकाला डोळा मारतो, इथे तो डोळा मारणारा कुणी शिल्लकच नाही. या भूमिकेसाठी त्याला सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेत्याचा बाफ्टा हा ब्रिटनमधला मानाचा सिनेपुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या 'द माउस दॅट रोअर्ड'मध्ये त्याने तीन भूमिका केल्या, त्यातली एक राणीसाहेबांची. गंमत आहे, पण काइटच्या पासंगालाही त्या पुरत नाहीत.

कुब्रिकने हे बरोबर ओळखलं. 'लोलिता'मध्ये त्याला क्लेअर क्विल्टी दिला, तिथे तो वेगवेगळी सोंगं काढत फिरतो. त्यानंतर कोलंबिया कंपनीने हट्टच धरला की पुढच्या सिनेमातही सेलर्सने अनेक भूमिका कराव्यात. तो सिनेमा १९६४ चा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'. ठरल्या होत्या चार भूमिका. चौथी होती बॉम्बर विमानाच्या टेक्सन वैमानिकाची, मेजर काँगची. टेक्सासचा हेल जमेना म्हणून तो बेचैन होता, लेखक टेरी सदर्नकडून टेप भरून घेऊन ऐकत होता. तेवढ्यात पायाला दुखापत झाली आणि भूमिका स्लिम पिकन्सकडे गेली. पिकन्स खराखुरा रोडिओवाला, त्याला हेल काढावाच लागला नाही.

उरल्या तीन. हवाई दलाचा ब्रिटिश अधिकारी मँड्रेक, म्हणजे ज्यांच्या मेसमध्ये तो पूर्वी चोरून घुसायचा तीच जात. स्वतः स्ट्रेंजलव्ह, ज्याचा चिरका जर्मन आवाज त्याने वीजी या छायाचित्रकाराच्या बोलण्यावरून उचलला. आणि राष्ट्राध्यक्ष मर्किन मफली.

मफलीवर थोडं थांबतो, कारण सगळे स्ट्रेंजलव्हच्या आपोआप सलाम ठोकणाऱ्या हातावर भाळतात आणि खरी कारागिरी मफलीत आहे. सुरुवातीला सेलर्सने त्याला सर्दी झालेली दाखवली, नाकात इनहेलर, शेंबडा आवाज. युनिट इतकं हसायला लागलं की टेक पुरे होईनात. कुब्रिकने ते सगळं काढून टाकायला लावलं. बाकीचे वेडे आहेत, या खोलीत एक तरी शहाणा माणूस पाहिजे. आता फोनचं दृश्य बघा. अमेरिकेची विमानं अणुबॉम्ब घेऊन रशियाकडे निघालीत, आणि राष्ट्राध्यक्षांना ही बातमी दारू प्यालेल्या रशियन पंतप्रधानाला, दिमित्रीला, फोनवर द्यायची आहे. पलीकडचा आवाज आपल्याला एकदाही ऐकू येत नाही. मफली आधी तिकडचं संगीत जरा बारीक करायला सांगतो. मग लहान मुलाला वाईट बातमी द्यावी तसा हळूहळू विषयाकडे येतो. आमचा एक कमांडर आहे ना, त्याचं डोकं जरा फिरलं, त्याने एक वेडेपणा केला. मग दिमित्री रुसतो. मग कुणाला जास्त वाईट वाटतंय यावरून दोघांत वाद लागतो. जगाचा अंत आणि घरगुती रुसवा-फुगवा एकाच सुरात! सेलर्सच्या प्रत्येक विरामाची लांबी वेगळी आहे. तिकडून तक्रार आली तेव्हाचा विराम, शिवी आली तेव्हाचा विराम, रडू आलं तेव्हाचा विराम. त्या शांततेत आपल्याला दिमित्री ऐकू येतो. मी विद्यार्थ्यांना हे दृश्य आधी स्क्रीन बंद करून ऐकवतो. दोन माणसं बोलताहेत असंच वाटतं.

यातली बरीच वाक्यं त्याने तालमीत आणि शूटिंगमध्ये सुचेल तशी घातलेली. कुब्रिक एकापेक्षा जास्त कॅमेरे लावून ठेवायचा, कारण सेलर्सला एखादी गोष्ट एकदा सुचली की ती पुन्हा तशीच होईल याची खात्री नसे. आणि सापडलेल्यातलं काय ठेवायचं, काय फेकायचं, हे कुब्रिक ठरवायचा. माझं म्हणणं यातच आलं. सेलर्स मोठा नट होता, पण स्वतःच्या कामाचा संपादक अजिबात नव्हता. त्याला नाही म्हणणारा दिग्दर्शक मिळाला तिथे सोनं झालं. नंतर नाही म्हणायची कुणाची छातीच राहिली नाही.

आता क्लूझो, म्हणजे 'पिंक पँथर'मधला इन्स्पेक्टर. तो मुळात पीटर उस्तिनोव्ह करणार होता, त्याने ऐन वेळी अंग काढलं आणि सेलर्सला घेतलं. १९६३ च्या पहिल्या 'पिंक पँथर'चा नायक खरं तर डेव्हिड निव्हन, पण लक्षात राहिला इन्स्पेक्टर. मिशी आणि ऐट त्याने काडेपेटीवरच्या कॅप्टन वेब या पोहणाऱ्याच्या चित्रावरून घेतली असं सांगतात. तो अतर्क्य फ्रेंच हेल मात्र पुढच्या सिनेमात, 'अ शॉट इन द डार्क'मध्ये, पुरता पिकला. त्या हेलातली खुबी बघा: आजूबाजूची सगळी पात्रं फ्रेंचच आहेत, ती साधं इंग्रजी बोलतात, आणि त्यांना या एकट्याचं कळत नाही. १९७५ च्या 'द रिटर्न ऑफ द पिंक पँथर'मध्ये तो रस्त्यावरच्या आंधळ्या वादकाशी त्याच्या माकडाच्या परवान्यावरून हुज्जत घालतो. 'मंकी'चं 'मिंकी' होतं, आंधळ्याला कळत नाही, आणि पाठीमागे बँक लुटली जात असते. क्लूझो एकदाही हसवायचा प्रयत्न करत नाही. तो फक्त कायदा सांगतोय. पडल्यावरही असा उठतो की पडणं हा तपासाचाच भाग होता. प्रतिष्ठा सोडायची नाही, हा एकच नियम.

'स्ट्रेंजलव्ह' आला ते १९६४ साल त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वळण. फेब्रुवारीत स्वीडिश नटी ब्रिट एकलंडशी लग्न केलं, ओळख होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. एप्रिलमध्ये, वय ३८, बिली वाइल्डरच्या सिनेमाचं अमेरिकेत शूटिंग चालू असताना काही तासांत लागोपाठ आठ हृदयविकाराचे झटके आले. तो वाचला, सिनेमा हातचा गेला. त्यानंतरचा सेलर्स घाबरलेला आणि म्हणून हेकट. ज्योतिषाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. 'कॅसिनो रॉयल'मध्ये ऑर्सन वेल्सबरोबर एका सेटवर उभं राहायलाच नकार दिला आणि शेवटी सिनेमा अर्धवट टाकून गेला.

भारतीय म्हणून आपण त्याच्या भारतीय भूमिकांचं काय करायचं? १९६० च्या 'द मिलियनेरेस'मध्ये सोफिया लोरेनसमोर तो डॉ. अहमद अल कबीर झाला, दोघांचं 'गुडनेस ग्रेशस मी' हे गाणं ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. १९६८ च्या 'द पार्टी'त तो चेहरा तपकिरी करून ऱ्हुंडी बक्षी झाला. रंग फासणं आज पाहवत नाही आणि त्याची सफाई द्यायचं मला कारण नाही. ब्रिटनमधल्या आपल्या मुलांनी त्या हेलावरून शाळेत चिडवणं सोसलंय. आवाजकाम म्हणून ऐकलं तर हेल कुठल्याच प्रांताचा नाही, सरमिसळ आहे. तरीही बक्षीचं शील खरं आहे. तो त्या हॉलिवूडच्या मेजवानीतला एकमेव सभ्य माणूस आहे, आणि बूट पाण्यात पडल्यापासून पुढची त्याची केविलवाणी धडपड म्हणजे टायमिंगचा पाठ आहे. सत्यजित राय यांना मात्र हे फार लागलं असणार. त्यांच्या 'द एलियन' या न झालेल्या सिनेमात सेलर्स एका मारवाडी व्यापाऱ्याचं काम करणार होता. ते फिसकटलं. आणि 'द पार्टी'त बक्षी सांगतो की त्याने पाळलेल्या माकडाचं नाव अपू आहे, म्हणजे राय यांच्या गाजलेल्या नायकाचं नाव.

सत्तरीच्या दशकाची सुरुवात पटकन उरकतो, कारण त्याने स्वतःही ती उरकलीच. पडेल सिनेमे, निर्मात्यांशी भांडणं, सायप्रसमध्ये शूट झालेला चाच्यांचा एक सिनेमा तर त्याने जवळजवळ बुडवलाच. पैसे पुन्हा क्लूझोनेच मिळवून दिले.

पण या सगळ्या वर्षांत एक भूमिका त्याने मनात धरून ठेवली होती. येझी कोसिन्स्कीची 'बीइंग देअर' ही छोटी कादंबरी आली तेव्हाच त्याने लेखकाला तार केली होती, त्यातल्या चान्स या माळ्याच्या भाषेत: मी उपलब्ध आहे, बागेत किंवा बागेबाहेर. खाली फोन नंबर. सिनेमा आला १९७९ मध्ये, दिग्दर्शक हॅल ॲशबी. चान्सला लिहिता-वाचता येत नाही, जन्मभर एका घरात राहून टीव्ही बघितलेला, आणि त्याच्या बागकामाच्या साध्या वाक्यांना वॉशिंग्टनचे बडे लोक अर्थशास्त्र समजतात. आवाजात लॉरेल-हार्डी जोडीतल्या स्टॅन लॉरेलची छटा आहे, लॉरेल त्याचं दैवत. आयुष्यभर हेलांवर जगलेल्या माणसाने इथे हेल जवळजवळ पुसून टाकलाय. वाक्य जिथे सुरू होतं त्याच पट्टीवर संपतं. चढ नाही, उतार नाही, आणि तरी कंटाळा नाही. आमच्या खोलीत सपाट बोलणं सगळ्यात अवघड. ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार डस्टिन हॉफमनला गेला. श्रेयनामावलीमागे ॲशबीने सेलर्सला हसू आवरत नसलेले टेक लावले होते, त्याने सगळी मोहिनी उतरली म्हणून सेलर्स संतापला होता. माझ्या मते बरोबर संतापला होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न, 'मुळात मी असा कुणी नाहीच'चा. १९७८ च्या 'मपेट शो' या बाहुल्यांच्या टीव्ही कार्यक्रमात कर्मिट बेडूक त्याला म्हणतो, इथे तुम्ही मोकळेपणाने स्वतःसारखे राहा. सेलर्स सांगतो, ते शक्य नाही, पूर्वी मी होतो, पण शस्त्रक्रिया करून काढून टाकला. विनोद उत्तम आहे. लोकांनी त्याचं तत्त्वज्ञान केलं आणि त्यानेही ते करू दिलं, कारण सोयीचं होतं. ज्याच्या आत कुणी नाही तो एका भूमिकेसाठी वर्षानुवर्षं झुरत नाही. मत्सर, हट्ट, भीती, नव्या गाड्यांचा सोस, हे सगळं भरपूर होतं आणि ते त्याच्या घरच्यांनी भोगलं. मृत्यूनंतर इस्टेट जवळजवळ सगळी चौथ्या पत्नीकडे, लिन फ्रेडरिककडे गेली. मुलांच्या वाट्याला नाममात्र रक्कम आली. २४ जुलै १९८० रोजी लंडनमध्ये तो गेला तेव्हा ५४ वर्षांचा होता. मिलिगन आणि सीकमबरोबर जेवायचा बेत ठरलेला असतानाच तो कोसळला होता. अंत्यविधीला त्याच्या सूचनेप्रमाणे ग्लेन मिलरचं 'इन द मूड' वाजलं. ते त्याला मुळीच आवडत नसे. टायमिंग इथेही त्याचंच.

पाहायचा क्रम माझा असा: आधी 'गून शो'चे दोन-तीन भाग, नुसते ऐकायचे. मग 'आय ॲम ऑल राइट जॅक', मग 'स्ट्रेंजलव्ह', आणि लगेच त्यावर 'बीइंग देअर'. क्लूझो त्यानंतर परत बघा, लहानपणी निसटलेलं बरंच सापडेल. १९८२ चा 'ट्रेल ऑफ द पिंक पँथर' टाळा, तो त्याच्या मृत्यूनंतर टाकून दिलेल्या तुकड्यांतून जोडलाय, आणि त्यावरून लिनने खटला भरून जिंकलाही. आणि शेवटचा 'फू मांचू' नाही पाहिलात तरी काही बिघडत नाही.